७३ वर्षांच्या बाबांना वावरात जाऊ द्यायचं, की बाजेवर बसवून ठेवायचं?

धुऱ्यावरचा (आर्वी तालुका, जि. वर्धा)

मागच्या सोमवारी बाबांनी संडासातला नळ उपटला. रागानं नाही. उकिडवं बसल्यावर उठता येईना, म्हणून नळ धरून उठायला गेले आणि प्लॅस्टिकचा पाइप तुटून हातात आला. आत पाण्याचा फवारा, बाहेर मायचा आरडाओरडा, आणि बाबा ओलेचिंब होऊन दारात उभे. म्हणाले, "पाइप हलका आणला होता तुनं."

पाइप मीच बदलला. बदलताना दिसलं की नळाच्या भोवतीचा चुना घासून घासून गेला आहे, तिथं बोटांचे काळे डाग पडलेत. म्हणजे हे एका दिवसाचं काम नव्हतं. कित्येक महिने ते त्या नळाला धरूनच उठत होते आणि कोणाला एका शब्दानं बोलले नव्हते.

आता मागचं सांगतो. आमचं सात एकर आहे. कपाशी, मधात तुरीची तासं, आणि दोन एकर सोयाबीन. दोन वर्षांपूर्वीपर्यंत डवरणी, म्हणजे पिकातली बैलांची कोळपणी, बाबाच करायचे. सकाळी बैल घेऊन निघाले की दुपारच्या भाकरीलाच धुऱ्यावर बसायचे. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकू नका, वजन उचलू नका. बरोबरच सांगितलं होतं. पण तो महिना संपला कधी, हे आमच्या घरात कोणी पाहिलंच नाही. डवरा हाकणारा घरी बसलेला, म्हणून पोळा झाल्यावर जोडी विकली. ट्रॅक्टर भाड्यानं येतोच. बाबांची बाज निंबाखाली टाकली, शेजारी पाण्याचा तांब्या, रेडिओ. आम्हाला वाटलं, आयुष्यभर राबले, आता बसू द्या.

खरं सांगायचं तर लोकांचं भ्यावही होतं. त्याच वर्षी बाबा एकदा कुदळ घेऊन निघाले तर पानठेल्यावर एक जण माझ्यादेखत बोलला, "बुढ्याले अजून वावरात धाडते, पोट्टा असा का कामाचा?" मी घरी येऊन कुदळ माळ्यावर टाकली.

आता स्थिती अशी आहे. मागच्या दिवाळीत गावात तपासणी शिबिर होतं, तेव्हा वजन ५६ भरलं होतं. परवा कापूस मोजायच्या काट्यावर उभं केलं तर ५२. पूर्वी वावर एक किलोमीटर, गप्पा मारत जायचे. आता मारुतीच्या देवळापर्यंत जातात आणि पारावर बसतात, परत यायला कोणी तरी लागतं. म्हैस दोहणं सोडलं, कारण "बोटात जोर येत नाई." आंघोळ झाल्यावर स्वतःचा दुपट्टा स्वतः पिळून वाळत टाकायची त्यांची सवय आहे, पण तारेवरून पाणी टपटपत राहतं आणि खाली चिखल होतो. विचारलं तर म्हणतात, "जीव नाई रायला आंगात." दात नाहीत, भाकर दुधात कुस्करून खातात, तीही अर्धी.

आणि माय? ६८ वर्षांची. सध्या वेचणी सुरू आहे, दिवसाला वीस-पंचवीस किलो कापूस वेचते आणि घरी येऊन चूल पेटवते. गुडघे तिचेही दुखतात, पायऱ्या आडव्या अंगानं उतरते. पण चालायला लागली तर मला मागे टाकते.

पुण्याचा भाऊ म्हणतो, बाबांना आता काहीच करू देऊ नको, पडले तर केवढ्याला पडेल. त्यानं ऑनलाइन वॉकर मागवला आहे आणि प्रोटीन पावडरचा मोठा डबा पाठवला आहे. वॉकरवर सध्या मायचं लुगडं वाळतं.

माझं म्हणणं एवढंच. हे वयानं झालं, की आम्ही बसवल्यामुळं झालं? आणि बसवल्यामुळं झालं असेल तर आता परत उठवता येतं का, की उशीर झाला? कोणाच्या घरी असं झालं असेल तर खरं सांगा. गुळगुळीत सांगू नका.

दारव्हेकर_पोट्टा

भाऊ, आमच्या बुढ्याचं तंतोतंत असंच. वय झालं की होतेच. आमचा आजा तर साठीतच काठी टेकत होता. मनाले लावून घेऊ नका, सेवा करा, पुण्य भेटते.

फिजिओताई (यवतमाळ)

धुऱ्यावरचे दादा, आधी एक काम. पाइप बदललात ते ठीक, पण त्या भिंतीत बोल्ट मारून स्टीलचा दांडा बसवा. उद्याच. बाकीचं त्यानंतर वाचलं तरी चालेल.

मी चौदा वर्षं तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करते. तुम्ही जे लिहिलंत त्याला आमच्याकडे फ्रेलिटी म्हणतात. मराठीत त्याला जर्जरता म्हणतात, पण आपल्या बायका म्हणतात ना, "बुढा खंगला", तो शब्द मला जास्त नेमका वाटतो. २००१ मध्ये लिंडा फ्रीड या अमेरिकन डॉक्टरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ च्या पुढच्या लोकांसाठी याच्या पाच खुणा ठरवल्या, आणि आजही जगभर त्या वापरतात. प्रयत्न न करता वर्षात साडेचार किलो किंवा वजनाच्या ५ टक्के घट, सततचा थकवा, हाताच्या पकडीतला जोर कमी होणं, चाल मंदावणं, आणि हालचालच कमी होणं. यातल्या तीन असल्या तर माणूस खंगलेला, एक-दोन असल्या तर त्या वाटेवर. तुम्ही काटा लिहिलात, दुपट्टा लिहिलात, मारुतीचा पार लिहिलात, "जीव नाई रायला" लिहिलंत, बाज लिहिलीत. पाचही लिहून मोकळे झालात. दुपट्ट्याची गोष्ट तर मी आता माझ्या पेशंटांना विचारायला लागणार आहे.

पण मी समोर पाहिलेलं नाही, म्हणून शिक्का मारत नाही. आणि वजन चार किलो उतरलं आहे, त्याचं कारण आधी डॉक्टरांकडून शोधून घ्या. टीबी, शुगर, थायरॉइड, पोटातली गाठ, रक्त कमी, आणि मन उतरणं सुद्धा. बैलजोडी गेल्यावर बाबा गप्प झाले का, हे तुम्हालाच माहीत. हे न पाहता व्यायाम सांगणारा माणूस तुमच्या कामाचा नाही.

आता तुमचा प्रश्न. वयानं की बसवल्यानं? दोन्ही, पण वाटा सारखा नाही. चाळिशीनंतर स्नायू थोडे थोडे घटतातच. त्यातही झटक्यात जोर लावणारे जे धागे असतात ते आधी बारीक होतात. ठेच लागल्यावर दुसरा पाय पटकन पुढं टाकायला तेच लागतात, म्हणून म्हातारा माणूस ठेचाळला की सावरत नाही, पडतोच. हे वयाचं झालं. बसवण्याचं काय, ते ऐका. २००७ मध्ये एक प्रयोग छापून आला होता. सरासरी ६७ वर्षांच्या, पूर्ण निरोगी लोकांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं मांस जवळजवळ एक किलोनं कमी झालं. ती माणसं निरोगी होती, जेवण व्यवस्थित होतं, आणि तरी हे. तुमचे बाबा अंथरुणाला खिळलेले नाहीत, तेव्हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. पण दोन वर्षं आणि अर्धी भाकर, हेही धरा.

उशीर झाला का? १९९४ मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात १०० जणांवर काम झालं. सरासरी वय ८७. बहुतेक जण काठी, वॉकर किंवा चाकाच्या खुर्चीवर. त्यांच्यातल्या निम्म्यांकडून दहा आठवडे मांड्यांचा, पुठ्ठ्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, तोही चांगला जड. पायांची ताकद दुपटीच्या वर गेली, चाल सुधारली, काही जण वॉकर सोडून काठीवर आले. त्याच प्रयोगात काही जणांना व्यायाम न देता नुसतं पौष्टिक पेय दिलं होतं. त्यांच्या अशक्तपणात फरक पडला नाही. पुण्याच्या भावाला एवढं वाक्य पाठवा.

घरी पाहायचं असेल तर हाताची घडी छातीवर ठेवून खुर्चीवरून पाच वेळा उठवा-बसवा आणि मोबाइलवर वेळ लावा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या मापाप्रमाणं ती कमजोरी आहे. सहा मीटर चालायला सहा सेकंदांहून जास्त लागत असतील तरी तेच. उठवताना शेजारी उभे राहा.

धुऱ्यावरचा

ताई, दांडा बसवला. पाच वेळा उठायचं पाहिलं. दोनदा उठले, तेही मांडीवर हात टेकून. तिसऱ्यांदा अर्ध्यातून बसले आणि म्हणाले, "खुर्ची ठेंगणी हाय." खुर्ची शाळेतली आहे, मलाही बसायला पुरते एवढी उंच. घड्याळ बंद केलं.

बैलजोडीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी थोडा वेळ बाहेर जाऊन आलो. जोडी गेली त्या दिवशी ते जेवले नव्हते. आम्ही म्हटलं, होते एखाद दिवस.

तिवस्याची_सून

माफ करा, पण मला यात एक गोष्ट बोचली. "माय पाहा, कापूस वेचते आणि कशी ठणठणीत" असं सगळे वाचतील आणि म्हणतील, बाईला राबवत ठेवा, म्हणजे ती म्हातारी होत नाही.

माझी सासू ६२ ची. आयुष्यभर निंदण, वेचणी, डोक्यावर पऱ्हाटीचे भारे, वर पाण्याचे गुंड. काम कमी पडलं म्हणून ती खंगली असं कोणी म्हणणार असेल तर आमच्या घरी या. कंबर वाकली आहे, हाताची बोटं वळत नाहीत, आणि दोन जिने चढली की धापा टाकते. जेवायला सगळ्यांच्या मागून बसायची. वरण संपलेलं असायचं, तर चटणी-भाकर. पाच बाळंतपणं. तिला विचारलं की "आंग भरून येते" एवढंच म्हणते. मग कष्टानं ताकद येते तर हिची कुठं गेली?

फिजिओताई (यवतमाळ)

तुम्ही बोललात ते बरं झालं, नाहीतर मलाच लिहावं लागलं असतं.

कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. वाकून दहा तास निंदलं तर कंबरेची तीच शीर, तोच गुडघा दिवसभर झिजतो, आणि बाकीचं शरीर नुसतं उभं असतं. स्नायू कामानं वाढत नाही, काम झाल्यावरच्या विश्रांतीत आणि पोटात गेलेल्या अन्नावर वाढतो. तुमच्या सासूबाईंना दोन्ही मिळालं नाही. बाहेरच्या देशांतही असं दिसलं आहे की अंगमेहनतीची नोकरी करणाऱ्या पुरुषांना फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्यांसारखा फायदा मिळत नाही, काही अभ्यासांत तर त्यांचं आयुष्य उलट कमी भरलं. त्यावर वाद आहेत, कारण कष्टाची नोकरी बहुतेक गरिबालाच करावी लागते आणि गरिबीची स्वतःची झीज असते. पण आपल्या बायांकडे पाहिलं की मला त्या वादात फार शंका उरत नाही. सासूबाईंचं हिमोग्लोबिन पाहा, आणि त्यांना ताटावर आधी बसवा. तो त्यांच्या व्यायामाचा पहिला भाग.

धुऱ्यावरच्या दादांच्या माय आज पुढं चालतात, तेव्हा त्यांच्याही गुडघ्यांकडे आजच पाहा. पायऱ्या आडव्या उतरणं ही खूण आहे.

जेवणाचं सांगते. वय झालेल्या माणसाला रोज वजनाच्या किलोमागं एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात. ५२ किलोला साधारण ५२ ते ६५ ग्रॅम. घट्ट वरणाची एक वाटी सहा-सात ग्रॅम, एक अंडं सहा, पेलाभर दूध सहा-सात, मूठभर शेंगदाणे सात. अर्धी भाकर आणि दूध यात बाबांचं पंधरा-वीसवर भागत असणार. दात नाहीत तर शेंगदाण्याचं कूट करा, वरण घट्ट करा, अंडं चालत असेल तर द्या. आणि एक गंमत पाहा, अख्खा विदर्भ सोयाबीन पिकवतो, ज्यात तुरीच्या दीडपटीहून जास्त प्रथिनं आहेत, आणि पोतंच्या पोतं बाजार समितीत घालून घरी काहीच ठेवत नाही. घरचं सोयाबीन भाजून ज्वारीत दळा, पायलीला मूठभर. कच्चं मात्र देऊ नका, पचत नाही. किडनीचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच. भावानं पाठवलेला डबाही वाया जाऊ देऊ नका, उठण्या-बसण्याचा व्यायाम झाल्यावर द्या.

माजी_पीटी_सर (अमरावती)

फिजिओताईंशी सहमत, पण एक भर. मी ७१ चा. लहानपणापासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर वाढलो. १९१४ पासूनची संस्था आहे, आमच्या घरातल्या तीन पिढ्या तिथं घाम गाळून आल्या. रोज ५० बैठका, २० जोर. काठीला हात लावला नाही. बाबांना उद्यापासून बैठका सुरू करा, दहापासून. बाकी सगळं थेर आहे.

फिजिओताई (यवतमाळ)

सर, तुमचे ५० तुम्हाला लखलाभ, साठ वर्षांची पुंजी आहे ती. पण ज्यांना खुर्चीवरून तिसऱ्यांदा उठता येत नाही त्यांना बैठक सांगितली तर ते खाली बसतील आणि आपल्याला दोघा जणांना उचलायला जावं लागेल.

बाजेखाली दोन विटा घालून ती उंच करा. उंच बाजेवरून हात न टेकता उठणं, हीच त्यांची बैठक. पाच झाल्या की थांबा. जमायला लागलं की एक वीट काढा. मग दारच्या खांबाला धरून टाचा वर-खाली. मग एका रेषेत पाऊल, खांब हाताशी ठेवून, म्हणजे तोल येतो. पायाला बांधायला किलोभर तूर भरलेली कापडी पिशवी पुरते, खुर्चीत बसून गुडघा सरळ करायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी हेच सांगितलं आहे, आठवड्यातून तीन दिवस तरी ताकद आणि तोलाचे व्यायाम, शिवाय दीडशे मिनिटं चालणं. दीडशेचा आकडा आज विसरा. देवळापर्यंत जाऊन येणं दिवसातून दोनदा, एवढंच. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं.

आणि दादांनी गुळगुळीत नको म्हटलं म्हणून हेही सांगते. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ लोकांवर मोठी चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल आला. अर्ध्यांना चालणं आणि पायांचा व्यायाम, अर्ध्यांना नुसती आरोग्यावरची व्याख्यानं. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या जास्त काळात व्याख्यानवाल्यांपैकी ३५.५ टक्के लोकांचं ४०० मीटर चालणं बंद पडलं, व्यायामवाल्यांपैकी ३०.१ टक्के. म्हणजे फायदा खरा, पण चमत्कार नाही. आणि त्याच लोकांची "खंगलेले किती" अशी मोजणी २०१८ मध्ये छापली तेव्हा दोन्ही गटांत ठाम फरक दिसला नाही. फरक दिसला तो खुर्चीवरून उठण्यात. मी पेशंटला तेच सांगते, शिक्का पुसला जाईल का ते सोडा, संडासातून उठता येईल का ते बोला.

धुऱ्यावरचा

(तीन महिन्यांनी. होळी झाली, कापूस उलंगला, तूर घरात.)

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी लिहितो.

डॉक्टरांकडे नेलं. टीबी नाही, शुगर ठीक, गाठबीठ काही नाही. हिमोग्लोबिन ९.८ आणि बी-१२ कमी. त्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनं झाली. कवळी बसवली. पहिले पंधरा दिवस ती डब्यात राहिली, मग मायनं हुरड्याचा वास दाखवला तेव्हा तोंडात गेली.

व्यायाम म्हटलं की बाबा भडकायचे. "मी का शाळेतला पोट्टा हाओ?" पहिले आठ दिवस वाया गेले. उपाय मायनं काढला. तिनं नेम केला की बाजेवरून हात न लावता पाच वेळा उठल्याशिवाय चहा नाही. बाबांना दिवसातून चार चहा लागतात. ती कप घेऊन समोर उभी राहते आणि मोजते. एकदा चारवरच थांबले तर कप परत चुलीवर नेला. मी पाहत होतो, ५० वर्षांचा संसार एका कपावर आला होता.

दुसरं म्हणजे त्यांना काम दिलं. शेजाऱ्याची एक कालवड आहे, तिला पाणी पाजायचं. आधी पाव बादली, आता अर्धी. हौदापासून गोठा चाळीस पावलं. ते तिच्याशी काय बोलतात कोण जाणे, पण बोलतात. तूर काढणीला खळ्यावर आले, बसून नाही, उभ्यानं सूप धरलं. थोडंच. पानठेल्यावरच्या त्याच माणसानं पुन्हा तेच म्हटलं. या वेळी बाबाच बोलले, "तुह्या बापाले आण मंग, दोघं मिळून करतो."

मधात खोट पण आली. लग्नाच्या गडबडीत आठ दिवस सगळं बंद, त्यात बाबांना ताप. पाच दिवस झोपून होते. उठले तेव्हा पुन्हा मांडीवर हात टेकायला लागले, जणू मधला दीड महिना झालाच नव्हता. ताईंनी दहा दिवसांचं लिहिलं होतं ते तेव्हा समजलं. परत दोन विटा घातल्या. या वेळी मात्र लवकर निघाल्या.

आजचा हिशेब असा आहे. काट्यावर ५३ आणि वर थोडं. शाळेच्या खुर्चीवरून पाच वेळा, हात न टेकता, सतरा सेकंद. म्हणजे ताईंच्या मापात अजून कमजोरच. देवळाला जाऊन न बसता परत येतात, वावरापर्यंत अजून नाही. म्हैस अजून मीच दोहतो. पण दुपट्ट्याखालचा चिखल दोन आठवड्यांपासून नाही. मी रोज पाहतो, मुद्दाम.

माय? तिला मी वेचणी अर्ध्यावर सोड म्हटलं. ऐकलं नाही. गुडघ्याचा एक्स-रे मात्र काढला, आता टाच वर-खाली तीही करते, बाबांना दाखवायला म्हणून.

भावाचा वॉकर तसाच आहे. आता प्रश्न उन्हाळ्याचा. दुपारी ४४-४५ होतं, त्यात यांना चालवू की नको?

चंद्रपूरकर_मावशी

चव्वेचाळीसला काय घाबरता, आमच्याकडे या. पण थट्टा सोडा. म्हाताऱ्या माणसाला तहान उशिरा लागते, घाम कमी येतो, आणि बीपीच्या काही गोळ्या लघवी जास्त करवतात, मग पाणी कमी पडून चक्कर येते. बाबा अशी गोळी घेत असतील तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना दाखवा. आम्ही माझ्या सासऱ्यांचं चालणं पहाटे साडेपाचला ठेवलं आहे, सातच्या आत घरी. बाकीचा व्यायाम घरात, कूलरसमोर. एक तांब्या पाणी चालण्याआधी, एक नंतर, मागितलं नाही तरी. आमच्याकडे पहाटे एकट्यानं नाही पाठवत, तिकडं डुकरं असतील, इकडं वाघ आहे.

फिजिओताई (यवतमाळ)

सतरा सेकंद! दादा, दोन वेळा उठणारा माणूस होता तो. मावशींचं सगळं बरोबर. उन्हाळ्यात चालणं कमी झालं तरी चालेल, बाजेवरून उठणं थांबवू नका. चहा गरम नको असेल तर ताकावर नेम करा.

धुऱ्यावरचा

बाबांना सगळं वाचून दाखवलं. साडेपाचचं ऐकून म्हणाले, "साडेपाचले तं मी दोनदा उठून चुकलो असतो. थ्या मावशीले सांग, झोपू दे म्हणा सासऱ्याले." आणि ताकाचं काही ऐकलंच नाही असं दाखवलं.